गाढीचा पूर आणि जाळीतला वाकडा त्रिकोण

(एपिसोडचा लेखी भाग. बोलताना जसं आलं, जवळपास तसंच ठेवलंय. फक्त 'अं' आणि 'म्हणजे' जरा कमी केलेत.)

आज आपण त्रिकोणांबद्दल बोलणार आहोत. थांबा, स्किप करू नका. दहावीच्या भूमितीशी याचा संबंध थोडाच आहे. तुम्ही पनवेलमध्ये राहत असाल किंवा इथे फ्लॅट बघत असाल, तर मात्र संबंध चांगलाच आहे.

२६ जुलै २००५. ही तारीख सांगितली की लोकांना मिठी नदी आणि सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. पनवेलकरांना गाढी आठवते. मी तेव्हा सहावीत होतो. आम्ही वरच्या मजल्यावर होतो म्हणून वाचलो. तळमजल्यावरच्या काकू रात्री आमच्याकडे आल्या, त्यांच्या हातात गॅसची शेगडी आणि रेशनकार्ड होतं. बाकी सगळं खाली. दुसऱ्या दिवशी चिखलाची रेघ भिंतीवर कुठपर्यंत आली ते सगळे बोटानं दाखवत होते. ती रेघ माझ्या डोक्यात बसली.

मोठा झाल्यावर कळलं की अशा रेघा सरकारसुद्धा काढतं, आणि त्याही पूर यायच्या आधी. महाराष्ट्रात नद्यांना दोन पूररेषा असतात, निळी आणि लाल. १९८९ च्या परिपत्रकापासून ही भाषा आपल्याकडे रुळली. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा. '२५ वर्षांतून एकदा' म्हणजे २५ वर्षं निवांत, असं अजिबात नाही बरं का. याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता. तुमचं होम लोन २० वर्षांचं असेल, तर तेवढ्या काळात असा पूर एकदा तरी यायची शक्यता निघते जवळपास ५६ टक्के. नाणेफेकीपेक्षा जास्त! १०० वर्षांच्या पुराचा हिशोब केला तरी १८ टक्के येतात.

म्हणजे रेषा इकडे की तिकडे, यावर कुणाचं घर, कुणाचं कर्ज, कुणाची जमीन अवलंबून आहे. मग ही रेषा येते कुठून?

पूर्वी नदीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घ्यायचे, प्रत्येक छेदात पाणी किती चढेल ते काढायचं आणि मधली जागा रेषेनं जोडायची. सह्याद्रीतून दरीतून येणाऱ्या नदीला हे ठीक चालतं. पण गाढी पनवेलला पोचते तेव्हा सपाट जमीन लागते. काळुंद्री येऊन मिळते, तिकडून तळोज्याची कासाडी येते आणि पुढे खाडी. इथे पाणी एका दिशेनं जात नाही. ते पसरतं, रस्त्यावरून वळतं, रेल्वेच्या भरावाला अडतं, मोरीतून पलीकडे निघतं. मग टू-डी मॉडेल लागतं. सगळ्या जमिनीवर संगणकात एक जाळी पसरायची, इंजिनिअर तिला मेश म्हणतात. जाळीचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक सेल. प्रत्येक सेलमध्ये पाणी किती, शेजारच्या सेलकडे किती गेलं, याचा हिशोब सेकंदासेकंदाला.

आणि आजचा विषय हाच, की ही जाळी चांगली विणली आहे की नाही हे तपासायचं कसं, आणि माणसाला ते कधीपासून सुचलं.

सुरुवात पनवेलच्या खाडीकाठूनच करू. इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी खाजण जमिनीवर मातीचे बांध घालून खारी शेती उभी केली. भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि पावसाचं गोडं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं. त्यासाठी बांधात दार, त्याला आपल्याकडे उघाडी म्हणतात. १९४८ मध्ये मुंबई प्रांतानं खार जमिनींसाठी कायदा केला, पण बांध त्याच्या कितीतरी आधीचे. वरून पाहिलं तर ही शेतं म्हणजे एक जाळीच आहे. प्रत्येक खाचरात पाण्याची एक पातळी, आणि एकातून दुसऱ्यात पाणी जाणार ते बांधावरून किंवा उघाडीतून. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरी जाळी. १० एप्रिल १८०२ ला मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यानं एक पायारेषा मोजायला घेतली. पुढे हिचा भारतभर पसरलेला त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रकल्प झाला, ज्यातून एव्हरेस्टची उंची निघाली. पद्धत सोपी. एक बाजू साखळीनं मोजायची, बाकी फक्त कोन मोजायचे आणि उरलेल्या बाजू हिशोबानं काढायच्या. पण सर्वेक्षणवाल्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती, की त्रिकोण चपटा नको. कोन ३० अंशांच्या खाली नको आणि १२० च्या वर नको, हा नियम आजही सिव्हिलच्या पुस्तकात असतो.

का? कारण कोन मोजताना थोडी चूक होणारच. तीच चूक ३० अंशांच्या कोनात झाली तर बाजूच्या लांबीत जेवढा फरक पडतो, त्याच्या तिपटीहून जास्त १० अंशांच्या कोनात पडतो. आणि ही चूक पुढच्या त्रिकोणाला वारशानं मिळते, तिथून त्याच्या पुढच्याला. म्हणून सर्वेक्षणाच्या तुकड्या चांगला त्रिकोण मिळावा म्हणून आणखी एक टेकडी चढायच्या. मेश क्वालिटी चेकचा पूर्वज शोधायचा तर मला वाटतं तो हाच. त्यांच्याकडे संगणक नव्हता, पण 'वाकडा त्रिकोण हिशोब बिघडवतो' हे त्यांना पायांनी कळलं होतं.

पाण्याची समीकरणं आली १८७१ मध्ये, फ्रान्सच्या सेंट-व्हेनांकडून. उथळ पाणी कसं वाहतं, हे त्यांनी गणितात बसवलं. गंमत अशी की समीकरणं मिळाली, पण खऱ्या नदीसाठी ती सोडवता येईनात. कागदावर नदीचा काठ वाकडातिकडा काढता येतो, सूत्रात नाही.

मार्ग काढला लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रजानं. १९१० च्या सुमारास त्यानं दगडी धरणातला ताण काढायला धरणाच्या छेदावर चौकोनी जाळी टाकली आणि जाळीच्या प्रत्येक बिंदूवर नुसती बेरीज-वजाबाकी करत उत्तराच्या जवळ गेला. आकडेमोडीला त्यानं मुलं ठेवली होती, पैसे हिशोबागणिक आणि चुकलेल्या हिशोबाचे पैसे नाहीत. (फ्रीलान्सिंग तेव्हाही असंच होतं.) १९२२ च्या पुस्तकात त्यानं हीच कल्पना हवामानाला लावली. एका प्रचंड गोल सभागृहात ६४,००० माणसं बसली आहेत, प्रत्येक जण पृथ्वीच्या आपापल्या तुकड्याचा हिशोब करतोय आणि मधे उभा असलेला माणूस ऑर्केस्ट्रासारखा सगळ्यांचा वेग सांभाळतोय, असं स्वप्न त्यात आहे. त्याचा स्वतःचा नमुना अंदाज मात्र साफ फसला. सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारनं बदलेल, असं उत्तर आलं. खरं तर त्या दिवशी दाब जागचा हलला नव्हता. दोष मुख्यतः सुरुवातीला भरलेल्या आकड्यांचा होता, जाळीचा नाही. पण हा धडा आपल्या कामाचा आहे. जाळी कितीही नीट असो, आत काय भरलंत ते महत्त्वाचं.

मग १९२८. जर्मनीत कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या तिघांनी एक निबंध लिहिला. त्यांना पूरबिर काही काढायचा नव्हता, शुद्ध गणितातली सिद्धता हवी होती. पण त्यात एक अट सापडली आणि ती आज प्रत्येक पूर मॉडेलच्या मानेवर बसलेली आहे. अट अशी, की हिशोबाच्या एका पावलात लाटेनं एका सेलपेक्षा जास्त अंतर जाता कामा नये. गेली, तर हिशोब तिला पकडू शकत नाही आणि आकडे उधळतात.

पनवेलचं उदाहरण घेऊ. समजा गाढीच्या पुरात पाणी ३ मीटर खोल आहे. एवढ्या खोलीत लाट सेकंदाला साधारण ५.४ मीटर पळते. प्रवाहाचा वेग २ मीटर धरला तर एकूण ७.४. सेल १० मीटरचा असेल तर पाऊल घ्यायचं १.३५ सेकंदाचं. २४ तासांच्या पुरासाठी अशी सुमारे ६४ हजार पावलं लागतात. ठीक आहे, लॅपटॉप करतो. आता त्याच जाळीत कुठेतरी एक चपटा, निमुळता सेल राहून गेला, ज्याची रुंदी फक्त १ मीटर आहे. एकच! तर साध्या पद्धतीत सगळ्या जाळीचं पाऊल त्या एका सेलसाठी दहापट लहान होतं. ६४ हजारांची ६ लाख ४० हजार. काही पद्धती मोठी पावलं सहन करतात, पण तिथेही हव्यास केला की पुराचा माथा गुळगुळीत होऊन जातो.

म्हणून आजचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा हेच बघतं, की सर्वांत लहान सेल कुठे आहे.

इकडे आपल्याकडे काय चाललं होतं? १९१६ मध्ये मुंबई इलाख्यात पाण्याच्या संशोधनाचा एक विभाग सुरू झाला, त्याचंच पुढे खडकवासल्याचं सीडब्ल्यूपीआरएस झालं, म्हणजे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. तिथे क्लॉड इंग्लिस यांच्या काळापासून खऱ्याखुऱ्या पाण्याची मॉडेलं बांधायची पद्धत. अख्खी नदी एका शेडमध्ये सिमेंटमध्ये ओतायची आणि तिच्यात पाणी सोडायचं. पण एक अडचण. नदी किलोमीटरभर रुंद आणि पाच मीटर खोल असते. दोन्ही एकाच प्रमाणात लहान केलं तर पाणी उरतं पापुद्र्याएवढं. म्हणून उंचीचं प्रमाण वेगळं ठेवायचं, नदी उभी ताणायची. हे केलं की काठ खऱ्यापेक्षा जास्त उभे होतात, वळणावरचं पाणी वेगळं वागतं. ती मंडळी हे जाणून होती आणि किती ताण चालेल यावर त्यांनी खूप खल केला. माझ्या मते जाळीच्या सेलच्या लांबी-रुंदीचं प्रमाण तपासणं ही त्याच काळजीची पुढची पिढी आहे. विकृती टाळता येत नसेल, तर ती कुठे आणि किती आहे हे तरी ठाऊक हवं.

साठच्या दशकात कहाणी मेकाँगला जाते. तिथल्या त्रिभुज प्रदेशासाठी फ्रेंच इंजिनिअर प्राइसमान आणि क्यूंज यांच्या चमूनं संगणकावर पुराचं मॉडेल केलं. तिथेही भातशेती, तिथेही बांध. त्यांनी काय केलं? आंधळी चौकोनी जाळी टाकली नाही. बांध आणि रस्त्यांनी वेढलेलं प्रत्येक क्षेत्र एक सेल धरलं आणि सेलची कड नेमकी बांधावर ठेवली. पाणी एका सेलमधून दुसऱ्यात जाणार ते बांध ओलांडून किंवा त्यातल्या वाटेनं. आठवलं का काही? आपली खारजमीन! शेतकऱ्यांनी जे फावड्यानं केलं, तेच यांनी पंचकार्डावर केलं.

मग १९७३ मध्ये अमेरिकेत आरएमए-२ हा प्रोग्राम आला, त्रिकोण आणि चौकोनांच्या मोकळ्या जाळीवर चालणारा. नदीच्या पात्रात बारीक सेल, लांब शेतात मोठे. आता खरी डोकेदुखी सुरू झाली, कारण मोकळी जाळी म्हणजे वाकडं विणायला मोकळं रान. म्हणून अशा मॉडेलांसोबत वापरायच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासणीच्या पाट्या आल्या. कोन फार लहान आहे का? फार मोठा आहे का? शेजारी सेल अचानक दुप्पट मोठा झालाय का? एका बिंदूला फार त्रिकोण चिकटलेत का? एका सेलच्या आत जमीन फार उतरते का? जिथे गडबड, तिथे रंग. लॅम्बटनच्या माणसांना टेकडीवर चढून जे बघावं लागायचं, ते स्क्रीनवर लाल दिसायला लागलं.

यातली 'शेजारी अचानक मोठा' ही भानगड लोक हलक्यात घेतात. २ मीटरच्या सेलशेजारी ५० मीटरचा सेल ठेवला, तर तुम्ही बारीक भागात जे अचूक काढलंत ते पुढच्या पावलाला मोठ्या सेलमध्ये सरासरी होऊन विरघळतं. लोकलमधून उतरून थेट बैलगाडीत बसल्यासारखं. मधे रिक्षा हवी. म्हणून आकार हळूहळू वाढवायचा.

चांगले त्रिकोण आपोआप कसे काढायचे, याचं उत्तर मात्र आधीच लिहून ठेवलेलं होतं. रशियाचा बोरिस डेलोने. गणितज्ञ, आणि गिर्यारोहक इतका पक्का की अल्ताई पर्वतात त्याच्या नावाचं शिखर आहे. १९३४ च्या निबंधात त्यानं दाखवलं, की बिंदू असे जोडा की कुठल्याही त्रिकोणाच्या तीन टोकांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आत चौथा बिंदू येऊ नये. असं केलं की त्या बिंदूंसाठी सर्वांत लहान कोन शक्य तितका मोठा मिळतो. म्हणजे चपटे त्रिकोण शक्य तेवढे टळतात. हा निबंध त्यानं जॉर्जी वोरोनॉयच्या स्मृतीला अर्पण केला. वोरोनॉयची कल्पना साधी आहे, प्रत्येक बिंदूला त्याच्या सर्वांत जवळची जमीन द्यायची. आपल्या जवळचं मेडिकल कुठलं, यावर पनवेलचे भाग पाडले तर जे बहुभुज दिसतील तेच.

आज जगभर फुकट मिळणारं पुराचं सॉफ्टवेअर म्हणजे हेक-रास, अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअर विभागाचं. १९९५ ला आलं, तेव्हा फक्त आडव्या छेदांवर चालायचं. २०१६ च्या ५.० आवृत्तीत टू-डी आलं. त्यात आतल्या आत आधी डेलोनेचे त्रिकोण काढले जातात, मग त्यावरून वोरोनॉयचे सेल. कारण तिथे एक खास गरज आहे. दोन शेजारी सेलची केंद्रं जोडणारी रेषा त्यांच्यामधल्या कडेला जितकी काटकोनात जाईल तितका हिशोब खरा. वोरोनॉयमध्ये हा काटकोन फुकटात मिळतो. जाळी तुम्ही हातानं ओढाताण केलीत की तो बिघडतो. एका सेलला आठपेक्षा जास्त बाजू झाल्या तर प्रोग्राम सरळ नकार देतो आणि तिथे लाल ठिपका टाकतो.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो.

लॉकडाऊनमध्ये वेळ होता, मी हेक-रास उतरवलं आणि गाढीचं मॉडेल करायला बसलो. मी इंजिनिअर आहे, पण पाण्याचा नाही. जाळी पसरली, सेल ५० मीटरचे. लाल ठिपके सगळे घालवले. स्क्रीन स्वच्छ! पूर सोडला आणि पाणी रेल्वेच्या भरावातून आरपार गेलं. भराव जणू नाहीच. पलीकडच्या वस्तीत कंबरभर पाणी.

दोन रात्री डोकं खाल्ल्यावर कळलं. या सॉफ्टवेअरमध्ये एका सेलला पाण्याची एकच पातळी असते, आणि पाणी सेलमध्ये येतं-जातं ते फक्त कडांवरून. माझा भराव सेलच्या मधोमध गेला होता. डावीकडची कड खाली, तिथून पाणी आत आलं. सेलमध्ये पातळी सगळीकडे एकच, म्हणजे भरावाच्या पलीकडच्या अर्ध्या भागातही तीच. उजवीकडची कडही खाली, मग पाणी बाहेर. भरावाला विचारलंच नाही कुणी.

उपाय म्हणजे ब्रेकलाइन. भरावाच्या माथ्यावर रेघ काढायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की सेलच्या कडा या रेघेवर आण. मग पाण्याला भराव चढूनच जावं लागतं. केलं. आता उलटं झालं! पाणी भरावाच्या अलीकडे तुंबून राहिलं, कारण खालच्या मोऱ्या मी घातल्याच नव्हत्या. खऱ्या पनवेलमध्ये मोऱ्या आहेत, आणि पहिल्या पावसात त्यात प्लॅस्टिक अडकतं तेही आहे. मोरी मोकळी धरायची की अर्धी तुंबलेली? हे कुठलाही क्वालिटी चेक सांगत नाही. ते बघायला चालत जावं लागतं.

इथे मला एक गोष्ट ठामपणे वाटते. लाल ठिपका नसणं म्हणजे जाळी चांगली असणं नाही. तो फक्त आकार तपासतो. बांध कुठे आहे हे त्याला माहीत नाही. प्राइसमानच्या चमूला माहीत होतं, खारबांधावरच्या शेतकऱ्याला तर पाठ होतं.

दुसरी फजिती याहून मोठी. जमिनीची उंची मी फुकट मिळणाऱ्या एसआरटीएम नकाशातून घेतली होती. हा नकाशा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानानं ११ दिवसांत रडारनं घेतलेला. रडारला झाडांचा शेंडा आणि इमारतीची गच्ची जमिनीसारखीच वाटते. त्यामुळे पनवेल खाडीतलं कांदळवन त्यात उंच जमीन बनून बसतं आणि खाडीचं तोंड आहे त्यापेक्षा अरुंद दिसतं. आणि तारीख बघा, २०००. त्या नकाशात उलव्याची टेकडी अजून उभी आहे! नंतर नवी मुंबई विमानतळासाठी तीच कापून सपाट केली. मी त्या टेकडीच्या उतारावर अतिशय सुंदर, काटकोनी, एकही दोष नसलेली जाळी विणली होती. जी टेकडी आता नाहीच, तिच्यावर.

विमानतळाचा विषय निघालाच आहे तर. १,१६० हेक्टरची ही जागा खाडी आणि नद्यांच्या मधोमध आहे. मूळ आराखड्यात नद्या वळवायची गोष्ट होती. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण परवानगी मिळाली तेव्हा गाढी वळवायची नाही असं ठरलं, उलवे नदीचा प्रवाह मात्र वळवला गेला. पाण्याचे अभ्यास खडकवासल्याच्या त्याच सीडब्ल्यूपीआरएसनं केले. पुढे भराव सुरू झाल्यावर डुंगीसारख्या गावांतून पावसाळ्यात घरात पाणी येत असल्याच्या तक्रारी आल्या, पुनर्वसनाची मागणी झाली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. त्या अभ्यासातली जाळी कशी होती यावर मी बोलणार नाही. पण या भागाचं कुठलंही मॉडेल करताना भरावाची कड आणि गावाची सखल जागा यांच्यामध्ये किती सेल आहेत, हा प्रश्न मी पहिला विचारेन. मधे एकच सेल असेल तर गावातलं पाणी आणि भरावाच्या पायथ्याचं पाणी कागदावर एकच होतं.

खाडीकडची बाजूही अशीच. सिडकोनं नवी मुंबई वसवताना डच पद्धत घेतली. जमीन भरतीच्या सर्वोच्च पातळीच्याही वर भरत बसायची नाही, बांध घालायचा, आतलं पावसाचं पाणी होल्डिंग पॉन्डमध्ये साठवायचं, आणि ओहोटीला फ्लॅप गेटमधून ते आपोआप बाहेर जातं. भरती आली की दार पाण्याच्या दाबानं मिटतं. काय आहे ही? उघाडीच! फक्त डच नावानं परत आली. या तळ्यांत पुढे गाळ आणि कांदळवन वाढलं, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्यानं गाळ काढणं अवघड झालं, तो वेगळा एपिसोड होईल. मॉडेलमध्ये मात्र हे दार सेलच्या कडेवर, एकाच दिशेनं उघडणारं म्हणून घालावं लागतं. विसरलात तर भरतीचं पाणी उलटं वसाहतीत शिरतं, नाहीतर पावसाचं पाणी कधीच बाहेर पडत नाही.

शेवटी मी काय केलं? जी तपासणी सगळ्यांत जुनी आणि कंटाळवाणी आहे ती. सेल निम्म्या आकाराचे करून पुन्हा चालवायचं. सेल चौपट होतात, पाऊल निम्मं होतं, म्हणजे काम आठपट. लॅपटॉप रात्रभर पंख्यासारखा घोंघावत होता. सकाळी दोन्ही उत्तरं एकावर एक ठेवली. नदीच्या पात्राजवळ पुराची कड जवळपास तीच होती, म्हणजे तिथे जाळी पुरेशी होती. सपाट भागात मात्र कड सरकली होती, काही ठिकाणी अख्ख्या एका गल्लीएवढी. पाऊस तोच, नदी तीच. मग आणखी निम्मे केले, फक्त त्या सपाट भागात. या वेळी कड थोडीशीच हलली. तिथे थांबलो.

मग नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, सेल किती मीटरचा, टेरेन कुठल्या सालचं, मोऱ्या उघड्या की तुंबलेल्या. कुणी तुम्हाला फोनवर पुराचा रंगीत नकाशा पाठवून 'बघ, आपली सोसायटी कोरडी आहे' म्हणालं, तर या तीन गोष्टी त्याला विचारा. बहुतेक वेळा तो गप्प होतो. मीही झालो असतो, दोन वर्षांपूर्वी.

आमच्या तळमजल्यावरच्या काकू अजून तिथेच राहतात. मी त्यांना माझा नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "अरे पण त्या दिवशी पाणी मागच्या गटारातून आलं होतं, नदीकडून नाही." माझ्या जाळीत गटार नव्हतं.

पुढच्या भागात पनवेलचे तलाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, लेंडाळे, एवढ्या लहान गावात एवढे तलाव कशाला लागले होते? तुमच्या आजी-आजोबांकडे काही आठवण असेल तर व्हॉइस नोट पाठवा. भेटूच.